कर्नाक पूल : नावावर भांडून झालं असेल तर पुलाबद्दल बोलूया का?

मुगभाटकर

मंडळी, मस्जिद बंदरचा कर्नाक पूल २०२२च्या नोव्हेंबरात पाडला आणि १० जुलै २०२५ला त्याच जागी सिंदूर पूल सुरू झाला. मधल्या काळात जे काही वाचायला मिळालं त्यातलं निम्मं पाडकामासाठी गाड्या बंद ठेवलेल्या मेगाब्लॉकबद्दल होतं आणि निम्मं नावाबद्दल. दीडशे वर्षं तिथे उभा असलेला पूल मुळात होता कशाला, हे कुणी फारसं विचारलं नाही.

माझा प्रश्न साधा आहे. पूल १८६८चा. व्हीटीच्या (आताच्या सीएसएमटीच्या) इमारतीचं काम सुरू झालं १८७८ला, म्हणजे पूल झाला तेव्हा तिचा पायाही खणलेला नव्हता. बोरीबंदरला तेव्हा लाकडी शेडचं स्टेशन होतं. पहिली गाडी सुटून (१६ एप्रिल १८५३, सगळ्यांना पाठ आहे) पंधराच वर्षं झाली होती. दिवसाला गाड्या त्या किती धावत असणार? फाटकावर भागलं असतं की. मग एवढा खर्च कुणासाठी? साहेबाच्या बग्गीसाठी, शेटजींसाठी, की रेल्वेसाठी?

माझं मत आधीच सांगून टाकतो : हा पहिल्या दिवसापासून मालाचा पूल होता. माणसं त्यावरून जायची ती मालाच्या मागे. असहमत असाल तर या मैदानात.

दुसरा प्रश्न : तो पाडणं टाळता आलं असतं का?

चहाबिस्किट

जागा पकडून ठेवतो. मुगभाटकरांचा धागा म्हणजे शंभरी नक्की.

जुनेपुराणे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नकाशात आहे. बोरीबंदरहून उत्तरेला जाणारे रूळ डोळ्यांपुढे आणा. उजव्या हाताला समुद्र आणि बंदरं : कर्नाक बंदर, क्लेअर बंदर, मस्जिद बंदर. डाव्या हाताला देशी वस्ती आणि बाजार : मांडवी, भात बाजार, चकला. माल उतरायचा उजवीकडे आणि विकला जायचा डावीकडे. या दोघांच्या मधोमध १८५३ला रेल्वे येऊन बसली. रेल्वेने मुंबई देशाला जोडली हे खरंच, पण बंदर आणि बाजार यांच्यामध्ये भिंतही तिनेच घातली.

आता काळ बघा. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध. तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस सोन्याच्या भावाने लागू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने भराव घालून जमीन काढली. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याचे तट पाडायला घेतले. १८६५ला तेजी फुटली, भलेभले शेअरवाले रस्त्यावर आले, पण भराव जागेवर राहिला, बंदरं राहिली आणि मालही येत राहिला. पूल १८६८ला झाला, क्रॉफर्ड मार्केट १८६९ला. पुलावरून पश्चिमेला उतरून सरळ चालत गेलात तर कुठे पोचता? क्रॉफर्ड मार्केटलाच. तो सगळा कर्नाक रोड होता, आताचा लोकमान्य टिळक मार्ग. पूर्वेला उतरलात की फ्रिअर रोड, आताचा पी. डिमेलो रोड.

तेव्हा फाटकाचं विसरा. गाड्या कमी असतील, पण शंटिंग, म्हणजे डब्यांची हलवाहलव, दिवसभर चालायचं. बोरीबंदरला मालाचं यार्ड होतं. बैलगाड्यांची रांग फाटकाशी उभी राहिली की बंदरातला माल बंदरातच पडून. मुगभाटकरांशी सहमत, हा मालाचाच पूल.

खडूस_खाडिलकर

सहमत व्हायची एवढी घाई नको. पुढे त्याच पट्ट्यात पुलांची रांगच लागली. सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल १८७९चा, १९२३मध्ये नव्याने बांधलेला. भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ. हे सगळे काय मालाचे पूल? शहर वाढलं, रूळ मध्ये आले, पूल बांधले. यात कापसाची तेजी वगैरे आणायची गरज नाही. इतिहासाच्या मंडळींना प्रत्येक दगडाखाली अमेरिकन सिव्हिल वॉर सापडतं.

जुनेपुराणे

खाडिलकर, परळचा एल्फिन्स्टन पूल १९१३चा आहे. तेव्हा तिथे गिरण्या होत्या आणि गिरणीत जाणारी माणसं होती. तो माणसांचा पूल, मान्य. पण १८६८ला कर्नाकच्या पूर्वेला वस्ती कुठे होती? नुकता घातलेला भराव, गोदामं आणि धक्का. तिकडे कामाशिवाय कोण जात होतं?

ताईसाहेब_डोंबिवली

मी फक्त लोकलच्या खिडकीतून पाहिलेला पूल. मस्जिद गेलं, पूल डोक्यावरून गेला, की पर्स खांद्याला लावून उठायचं. एवढीच माझी आणि त्याची ओळख. मधले काही महिने तिथे नुसतं आभाळ दिसायचं तेव्हा उठायचं चुकायचं.

पाटणचा_पाव्हणा

मी एरवी लिहीत नाही इथे, वाचतो. पण या पुलाचं निघालंय तर लिहितो.

माझे आबा दाणाबंदरात माथाडी होते. तालुका पाटण, जिल्हा सातारा. गावातली निम्मी बाप्ये मंडळी तिथंच. गावकीची खोली, खानावळीचा डबा, शिमग्याला न् गावच्या जत्रेला घरी. मी सुट्टीत गेलो की दुपारी त्यांच्याबरोबर बाजारात हिंडायचो. लोकांना मस्जिद बंदर म्हटलं की मसाल्याचा वास आठवतो. मला बारदानाचा आठवतो.

हातगाडी पुलावर कशी चढवतात ते बघितलंय का कुणी? गाडी लांबच लांब, चाकं दोनच. गोण्या रचायच्या त्या तोल बघून. पुढं जास्त झाल्या तर दांड्यावरच्या माणसाच्या हाताला ओझं, मागं जास्त झाल्या तर तो माणूसच वर उचलला जातो. सपाटीवर एक ओढणारा आणि एक ढकलणारा पुरतो. पुलाचा चढ आला की गाडी थांबायची. मग मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीची माणसं आपली गाडी कडेला लावून हिला हात द्यायची. ही वर गेली की तीच माणसं खाली येऊन दुसरी न्यायची. कुणी कुणाला सांगावं लागायचं नाही. चढाच्या पायथ्याशी काही मोकळी पोरं उभी असायची, ती धक्का द्यायची आणि वर गेल्यावर पैसे घ्यायची. आबांच्या टोळीचा मुकादम म्हणायचा, त्यांना द्यायचे नाहीत, आपण काय मेलोय का.

उतार जास्त वाईट. चढावर गाडी थांबली तर नुसती थांबते. उतारावर थांबत नाही. मागच्या फळीला टायरचा तुकडा बांधलेला असायचा. मागचे दोघं फळीवर अंग टाकायचे, टायर डांबराला घासायचा आणि पुढचा माणूस पाय तिरके रोवत उतरायचा. चप्पल पुढून झिजायची नाही, टाचेतनं झिजायची. आबांच्या सगळ्या चपला टाचेला पातळ होत्या.

मालाचा पूल का माणसाचा, हा वाद तुमचा चालू द्या. आमच्याकडं माल आणि माणूस एकाच गाडीला जुंपलेला होता.

मुगभाटकर

पाव्हणं, नेहमी लिहीत जा. माझ्या मूळ पोस्टपेक्षा हे वरचढ आहे.

चहाबिस्किट

दंडवत. टाचेचं वाचून थांबलो.

वाडीबंदर

पाटणकरांच्या लिहिण्यात एक भर. कांदा-बटाटा ८०च्या दशकाच्या सुरुवातीला वाशीला गेला, धान्य आणि मसाला ९०च्या दशकात. कर्नाक बंदरचा लोखंड बाजार कळंबोलीला हलवला. माथाडी कायदा १९६९चा, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला, त्याची बोर्डं आणि लेव्ही (मालकांकडून मजुरांसाठी घेतली जाणारी रक्कम) माणसांच्या मागोमाग वाशीला गेली. म्हणजे ज्या कामासाठी पूल बांधला ते काम पूल पाडायच्या कितीतरी आधी तिथून उठलं होतं. पूल नंतर उरला तो टॅक्सी, टेम्पो आणि दक्षिण मुंबईच्या ट्रॅफिकसाठी.

शेठ_भातबाजार

उठलं वगैरे काही नाही हो. आमची पेढी अजून तिथेच आहे. मोठा घाऊक व्यापार गेला, पण सुकामेवा, खजूर, साखर, प्लास्टिक, पॅकिंगचा माल, कागद, सगळं चालू आहे. पूल बंद होता ती तीन वर्षं आमच्या टेम्पोवाल्यांना विचारा. समोर दिसणाऱ्या गोदामात जायला फिरून वळसा. भाड्यात वाढ झाली ती वेगळी. आणि अवजड गाड्यांना बंदी तर २०१४पासूनच होती. त्यामुळे 'पूल पाडला' ही बातमी तुम्हाला २०२२ला कळली, आम्हाला आठ वर्षं आधी.

लोखंडीरूळ

पाडणं टाळता आलं असतं का, यावर लिहितो. रेल्वेच्या कामाशी संबंध होता, एवढीच ओळख पुरे.

टाळता आलं नसतं. कारणं तीन, पण तिन्ही सारख्या वजनाची नाहीत.

वय आणि गंज हे पहिलं. २०१८च्या जुलैत अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. त्यानंतर शहरातल्या रेल्वेवरच्या पुलांची आयआयटीने तपासणी केली आणि कर्नाक धोकादायक ठरला. हे सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं उंचीचं. १९२५ला आपल्याकडे विजेची गाडी आली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे सगळी मुंबई २५,००० व्होल्ट एसीवर आली. दाब वाढला की वायर आणि तिच्या वरचं लोखंड यांच्यात अंतर जास्त सोडावं लागतं. जुने पूल वाफेच्या इंजिनाच्या धुराड्याचा विचार करून बांधलेले, त्यांच्या पोटाखाली ते अंतर मिळत नव्हतं. हँकॉकखाली गाड्या रांगत जायच्या त्या यामुळेच. रूळ खाली खणून थोडं साधतं, पण मस्जिदच्या पट्ट्यात रूळ खाली नेले तर पावसाळ्यात काय होईल हे मी सांगायला नको.

खरं कारण तिसरं : पाचवी-सहावी लाइन. कुर्ल्याहून सीएसएमटीपर्यंत लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या करायच्या तर आणखी दोन रूळ हवेत. जुन्या पुलाचे खांब जवळजवळ, त्यांच्या मधून नवा रूळ जाणार कुठून? नवीन पुलाचा रेल्वेवरचा भाग सुमारे ७० मीटरचा आहे आणि तो सलग जातो. प्रत्येकी ५५० टनांचे दोन गर्डर, एक ऑक्टोबर २०२४ला बसवला, दुसरा जानेवारी २०२५ला. जुना कितीही डागडुजी करून ठेवला असता तरी तो रुळांच्या वाटेत उभा राहिलाच असता.

खडूस_खाडिलकर

म्हणजे पाचव्या-सहाव्या लाइनसाठी पूल पाडला. आणि ती लाइन कुठे आहे हो?

लोखंडीरूळ

परळच्या पुढे जमिनीचं अवघड आहे. मला चिमटा काढून ती लवकर होणार असेल तर काढा.

ताईसाहेब_डोंबिवली

त्या ब्लॉकच्या रविवारी माझ्या भाचीचा साखरपुडा होता गिरगावात. सगळं वऱ्हाड डोंबिवलीहून. दादरला उतरून टॅक्सी शोधणारे दोनशे लोक आणि त्यात आमचे पेढ्यांचे खोके. नवऱ्यामुलाकडचे चर्चगेटच्या बाजूचे, त्यांना कळेचना आम्ही घामाघूम का.

लोखंडीरूळ

ताई, तो ब्लॉक एकाच वेळी सुरू झाला होता, शनिवार १९ नोव्हेंबरच्या रात्री ११ वाजता. संपायचा मात्र वेगवेगळ्या वेळी होता. मेन लाइन १७ तास, हार्बर २१ आणि यार्ड २७. हजारावर लोकल रद्द, मेन लाइनच्या गाड्या भायखळा-परळ-दादरपर्यंत, हार्बर वडाळ्यापर्यंत. मेन लाइन ठरल्या वेळेच्या थोडी आधी सुरू झाली, याचं श्रेय कुणी देत नाही.

लोकांना वाटतं पूल पाडला म्हणजे सुरुंग लावला. खालून रूळ जाताहेत, सुरुंग कसला? आधीच्या आठवड्यांत वरचा रस्ता, डांबर, काँक्रीट सगळं उकरून पूल हलका करून ठेवतात. ब्लॉक लागला की आधी वायरचा पुरवठा बंद, मग वायर उतरवायची. रुळांवर काही पडू नये म्हणून खाली आच्छादन. दोन्ही बाजूंनी क्रेन. तुळईला साखळदंड लावून क्रेनने भार हातात घ्यायचा, तेव्हाच गॅस कटरवाला तिचं टोक कापतो. भार आधी घेतला नाही तर तुळई कापणाऱ्याच्या अंगावर येते. कापलेला तुकडा उचलून बाजूला, मग पुढची. रात्रभर ठिणग्या. कापणारा माणूस सारखा क्रेनच्या साखळीकडे बघत असतो, कापायच्या जागेकडे कमी.

जुनेपुराणे

आणि त्याच कामात ते दगड निघाले. काळ्या पाषाणात कोरलेलं पुलाचं नाव, इंग्रजीत, देवनागरीत आणि गुजरातीत, साल १८६८. रेल्वेने ते जपून ठेवायचं तेव्हा जाहीर केलं. सरकारी पुलावर तीन लिप्यांत नाव घालावंसं वाटलं, यावरूनच पूल कुणासाठी होता ते कळतं. गव्हर्नराच्या बग्गीला गुजराती पाटी लागत नाही. भाटिया, कच्छी, खोजा व्यापाऱ्यांना लागते.

शेठ_भातबाजार

+१. आमच्या आजोबांच्या वह्यांमध्ये 'करनाक' असंच आहे, गुजरातीत.

निळावंती

नावाचा विषय टाळायचा म्हणून शीर्षक दिलंय, पण तो टळत नाही. जेम्स रिवेट-कर्नाक १८३९ ते ४१ मुंबईचा गव्हर्नर होता. याच कर्नाकने सप्टेंबर १८३९ला साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत केलं. त्यांना काशीला पाठवलं, १८४७ला ते तिकडेच गेले. महाराजांची कैफियत मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं खेटे घालत राहिले. अशा माणसाचं नाव दीडशे वर्षं ठेवलं हीच लाज. बदललं ते उत्तम.

खडूस_खाडिलकर

बदललं ते ठीक, पण मग प्रतापसिंह महाराजांचं नाव द्यायचं होतं. किंवा रंगो बापूजींचं. कर्नाकने केलेल्या अन्यायाचा दाखला द्यायचा आणि नाव ठेवायचं भलतंच, याची संगती मला लागत नाही.

निळावंती

ऑपरेशन सिंदूर, सैन्याच्या मोहिमेचं नाव 'भलतं' कसं?

खडूस_खाडिलकर

मोहिमेबद्दल आदरच आहे. पण तिचा मस्जिद बंदरशी काय संबंध ते सांगा.

चहाबिस्किट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक मंडळ

दोन्ही सदस्यांनी आपली बाजू मांडली आहे. पुढचे चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. पुलावर या.

पाटणचा_पाव्हणा

पुलावर येतो, पण निळावंतीताईंचं वाचून एक सुचलं, ते सांगू द्या. प्रतापसिंह महाराज आमच्या जिल्ह्याचे. साताऱ्याचा राजा ज्यानं खाली उतरवला त्याच्या नावाच्या पुलावर साताऱ्याचीच माणसं तीन पिढ्या गोण्या ओढत होती. आबांना हे माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी तो नुसता 'चढाचा पूल'. माहीत असतं तरी गाडी ओढलीच असती, संध्याकाळी पैसे मिळायचे.

वाडीबंदर

याला प्रतिसाद नाही देता येत. टोपी काढली.

माझगावची_मावशी

हँकॉक पुलाचा उल्लेख वर येऊन गेला. कर्नाकवाल्यांनो, तुमचं नशीब चांगलं म्हणायचं. तीन वर्षांत पूल उभा राहिला. आमचा हँकॉक १० जानेवारी २०१६ला पाडला आणि नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली ती १ ऑगस्ट २०२२ला. साडेसहा वर्षं! माझगाव आणि डोंगरी ही गावं काही लांब नाहीत, मध्ये रूळ तेवढे. शाळा तिकडे, दवाखाना तिकडे, आणि पूल नाही. मुलं दप्तरं घेऊन रूळ ओलांडायची. हायकोर्टात याचिका झाली, तेव्हा कुठे पादचाऱ्यांचा विचार सुरू झाला. आमच्या इमारतीतल्या बायका पाळीपाळीने पोरांना सोडायला जायच्या. एक जण पुढे गाडी बघायला, एक जण मागे, मध्ये पोरांची रांग.

नवीन पूल बांधायला घेतला तर तो आधीपेक्षा उंच. मग उतार कुठे संपवायचा? तिथे इमारती. त्या घरांचं काय करायचं यात वर्षं गेली. लोखंडीरूळ साहेब, गाडीच्या डोक्यावरची वायर मोजता, तशी उताराच्या टोकाची घरं आधी मोजत जा.

लोखंडीरूळ

मावशी, हे खरं आहे. रुळांवरचा तुकडा पाडायला एक रात्र पुरते. दोन्हीकडचे उतार पालिकेच्या हद्दीत असतात, आणि वर्षं तिथे जातात. पूल एका हाताने पाडतात, बांधायला दोन हात लागतात आणि ते दोन वेगळ्या माणसांचे असतात.

अंधेरी_पश्चिमेचा_देव

दोन वेगळ्या माणसांचे हात म्हणालात आणि आमचा गोखले आठवला. नवा पूल फेब्रुवारी २०२४ला उघडला आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्यापुढे पार खाली. दीड-दोन मीटरचा फरक! गोखले वर, बर्फीवाला खाली, दोघांची नजरानजरच होईना. शेवटी बर्फीवाला जॅक लावून वर उचलला. जगात पूल उंच बांधतात, आम्ही बांधलेला पूल उंच करतो.

ताईसाहेब_डोंबिवली

😂😂 'नजरानजर होईना'

चहाबिस्किट

तो फोटो मी अजून फोनमध्ये ठेवलाय. दिवस वाईट गेला की बघतो.

चिंचबंदरकर

थोडं मागे जातो. कर्नाकबद्दल आमच्या घरात एकच गोष्ट सांगितली जायची, १४ एप्रिल १९४४ची. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट झाला तो दिवस. बोटीत दारूगोळा आणि कापूस एकत्र, वर सोन्याच्या विटा. दुपारी चारच्या सुमाराला पहिला स्फोट, मग दुसरा. आजी तेव्हा चिंचबंदरला नवी नवरी. ती सांगायची, आधी घराच्या काचा गेल्या, मग आभाळातून पेटलेला कापूस पडायला लागला. लोकांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला. गोदीच्या बाजूची माणसं सगळ्या पुलांवरून या बाजूला पळत आली, अंगावर काळं, पायात काही नाही. आजोबा मांडवीत कारकून, ते उलट तिकडे निघाले पेढीची वही आणायला. आजीने त्यांना त्या वहीसाठी जन्मभर माफ केलं नाही.

त्या आगीत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. अग्निसुरक्षा सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो तो त्यांच्या स्मृतीत. तेव्हा मुगभाटकर, त्या दिवशी तरी तो माणसांचा पूल होता.

मुगभाटकर

चिंचबंदरकर, हा मुद्दा मान्य, त्या दिवसापुरता.

फाटे खूप फुटले (छान फुटले), आता दुसऱ्या प्रश्नाकडे परत वळतो. लोखंडीरूळ म्हणतात टाळता आलं नसतं. ठीक. पण पुलातलं काहीतरी ठेवता आलं असतं ना? लंडन सोडा, इथे पुण्याच्या रस्त्यावर अमृतांजन पूल होता, १८३०चा. तो २०२०च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनचा मोकळा रस्ता बघून पाडला. तिथेही वाहतुकीची अडचण हेच कारण. प्रत्येक वेळी कारण बरोबर आणि प्रत्येक वेळी हाती फक्त फोटो, असं का?

जुनेपुराणे

दगड वाचले, हेही काही कमी नाही. पण दगड स्टेशनात ठेवून काय साधणार? ते नव्या पुलाच्या कठड्यात बसवायला हवे होते, पूर्वेच्या तोंडाशी. शेजारी एक पाटी, पूल कधी झाला, का झाला, कुणी वापरला. नाव काहीही ठेवा.

लोखंडीरूळ

कठड्यात जुना दगड बसवायला अडचण काहीच नव्हती. ३२८ मीटर लांबीच्या पुलात दोन-चार दगडांचं वजन कुणाच्या हिशेबात येत नाही. कुणीतरी वेळेवर मागायला हवं होतं. नकाशे मंजूर व्हायच्या वेळी असं मागणारा टेबलावर कुणी नसतो. काम झाल्यावर सगळे येतात.

पाटणचा_पाव्हणा

पाटीवर हातगाडीचं पण लिहा म्हणावं. मागच्या महिन्यात मी मुद्दाम नव्या पुलावर गेलो होतो. चढ जुन्यापेक्षा लांब वाटला. एक हातगाडीवाला खालीच उभा होता, कार्टन लादलेले. मी विचारलं, वरून का नाही नेत? म्हणाला, वरून कोण मरंल, टेम्पो सांगितलाय.

शेठ_भातबाजार

आणि टेम्पो सिग्नलला अडकलाय. चाळीस मिनिटं झाली, आता फोन केला होता.

वाडीबंदर

आता एल्फिन्स्टनही गेला. सप्टेंबर २०२५पासून बंद, पाडकाम सुरू. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तिथे दुमजली पूल होणार आहे. तिथेही बाजूच्या इमारतींच्या घरांवरून आंदोलन झालं, मावशींचं लिहिलेलं तंतोतंत. जुनेपुराणे, त्याच्या दगडांचं आत्ताच कुणाला तरी पत्र लिहा, मसुदा इथे टाका, आम्ही सह्या करतो.

जुनेपुराणे

रविवारपर्यंत टाकतो. लोखंडीरूळ, पत्र रेल्वेला लिहायचं की पालिकेला की एमएमआरडीएला?

लोखंडीरूळ

तिघांना. आणि प्रत्येकाला कळवा की बाकीच्या दोघांनाही पाठवलंय, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगेल.

नवीन_सदस्य_२०७

नमस्कार, गूगलवरून इथे आलो. कर्नाक पुलावरून क्रॉफर्ड मार्केटला जाताना उजवं वळण मिळतं का? उद्या बायकोला घेऊन जायचंय.

खडूस_खाडिलकर

मेट्रोने जा.